दहावा डोस

आमच्या केंद्रात परदेशी जाणाऱ्यांना पिवळ्या तापाची लस फक्त मंगळवारी टोचतात. कारण साधं आहे. एका व्हायलमध्ये, म्हणजे बोटाएवढ्या काचेच्या बाटलीत, दहा जणांची लस भुकटीच्या रूपात असते. तिच्यात पाणी सोडलं की घड्याळ सुरू होतं. सहा तास. तेवढ्यात दहा दंड समोर आले तर ठीक, नाहीतर उरलेली लस टाकून द्यायची. म्हणून आधी दहा नावं जमवायची, सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचं आणि नऊच्या ठोक्याला व्हायल उघडायची. टोचून झालं की पिवळं कार्ड द्यायचं. ते कार्ड दहा दिवसांनी लागू होतं, कारण अंगात लस धरायला तेवढा वेळ लागतो.

हे सगळं आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे जे मी केलं ते मला कळत नव्हतं असं कुणाला वाटायला नको. मला सगळं कळत होतं. एकोणीस वर्षं नर्स आहे, त्यातली सात याच खोलीत. इथे येणारे लोक मला सिस्टर म्हणतात आणि मला घाबरतात. ते घाबरतात हे मला आवडायचं. खोटं कशाला बोलू?

त्या मंगळवारची सुरुवातच माझ्या मनासारखी झाली. एक चांगला दांडगा माणूस, मनगटात जाड कडं, टेबलाशी वाकून हळूच म्हणाला की सुई राहू द्या, फक्त शिक्का मारा, मला सुईचं जमत नाही. असे महिन्याला चारदोन येतातच. मी त्याला हळू उत्तर दिलं नाही. सगळ्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं की डास चावायला आला तर त्याला कार्ड दाखवणार का. बाकं हसली. गडी कानापर्यंत लाल झाला, डोळे मिटून टोचून घेतलं आणि पुढची दहा मिनिटं भिंतीला टेकून बसला. आमच्या सफाईवाल्या मावशींनी त्याला पाणी दिलं. मी मात्र रंगात आले होते. खोटं कार्ड म्हणजे काय असतं यावर मी तिथल्या तिथे भाषण ठोकलं. मान हलवणारे मान हलवत होते.

दहावा नंबर वेल्डरचा होता. तेलाच्या पाइपलाइनवर वेल्डिंग करायला कंपनी बावीस जणांना बाहेर नेणार होती, त्यातला एक. हाताच्या पाठीवर ठिणग्यांचे बारीक पांढरे डाग. प्लॅस्टिकच्या पिशवीत फाइल, फाइलीत कागद अगदी ओळीने लावलेले. मी पासपोर्टच्या शेवटच्या पानाची झेरॉक्स मागितली. तो म्हणाला, नाव नोंदवायला आलो तेव्हाच दिली होती. मी फॉर्मांचा गठ्ठा वरवर चाळला. दिसली नाही.

"दिली असती तर माझ्याकडे असती ना? मी काय कागद खाते का?"

बाकं पुन्हा हसली. तो नाही हसला, पण वादही नाही घातला. मूळ पासपोर्ट त्याने घरी ठेवला होता, हरवू नये म्हणून. घर दोन बस बदलून दीड तासावर. जाऊन आणतो म्हणाला. मी म्हटलं, आणा, तुमच्यासाठी एक डोस राखून ठेवते, मेहेरबानी समजा. हा शब्द मी खरंच वापरला. मेहेरबानी.

एक वाजता डबा खाऊन मी फॉर्म लावायला बसले. नवव्या नंबरच्या आजी मुलीच्या बाळंतपणाला निघाल्या होत्या. त्यांच्या फॉर्मच्या मागे वेल्डरची झेरॉक्स स्टेपल केलेली होती. पिन मीच मारलेली. ती मी नेहमी कोपऱ्यात तिरकी मारते, बघितलं की ओळखू येते.

फॉर्मवर त्याचा फोन नंबर होता. मी फोन उचललाही. मग ठेवला. मनाशी म्हटलं, आता तो घरी पोचलाच असेल, फोन करून काय उपयोग. हे खरं नव्हतं. फोन केला असता तर मला माझ्या तोंडाने सांगावं लागलं असतं की कागद माझ्याकडेच होता. मी पिन काढली, झेरॉक्स त्याच्या फॉर्मला लावली आणि पिनेची भोकं जुळवत बसले. सरकारी टेबलाशी बसलेली बेचाळीस वर्षांची बाई, पिनेची भोकं जुळवतेय.

तीन वाजले. व्हायल बर्फाच्या पॅडवर तशीच उभी होती, तळाशी एक डोस. तिच्यावर माझ्याच हाताने पेनने लिहिलेलं: नऊ वाजता उघडली. ती त्याच मिनिटाला कचऱ्याच्या लाल पिशवीत जायला हवी होती. दुसरं कुणी असतं तर मी ओरडून टाकायला लावली असती. पण टाकली असती तर मोठ्या मॅडमकडे जाऊन त्याच्या एकट्यासाठी नवी व्हायल मागावी लागली असती. मोठ्या मॅडम म्हणजे आमच्या केंद्राच्या डॉक्टर. त्या पहिला प्रश्न विचारणार, सकाळी का नाही टोचलं? मग झेरॉक्स. मग बाकांवरचं हसणं. म्हणून मी व्हायलकडे बघितलंच नाही. न बघणं किती सोपं असतं ते तेव्हा कळलं.

चार वाजून दहा मिनिटांनी तो आला. सदरा पाठीला चिकटलेला, परतीची बस चुकली म्हणाला. त्याने दोन झेरॉक्स काढल्या होत्या, म्हणाला एक जास्त असू द्या, पुन्हा कुठे जायला नको. मी दोन्ही घेतल्या. फॉर्ममधली तिसरी त्याला दिसू नये म्हणून वर हात ठेवला.

आणि मग मी सुई भरली.

लोक सुई टोचताना दुसरीकडे बघतात. तोही भिंतीकडे बघत होता, तिथे डासांच्या चित्रांचा तक्ता आहे. माझा हात नेहमीसारखाच होता, जराही हलला नाही, याचीच मला आता जास्त लाज वाटते. कापूस दाबून तो म्हणाला की दुखलंच नाही, तुमचा हात हलका आहे. मग मी त्याला नेहमीचा उपदेश केला. बाह्या पूर्ण घालायच्या, मच्छरदाणी गादीखाली खोचायची, पाणी उकळून, उघड्यावर कापलेलं काही खायचं नाही, हिवतापाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, आल्यावरही महिनाभर घ्यायच्या. तो शाळेतल्या मुलासारखा एकेक गोष्ट बोटावर मोजत होता. मी कार्डावर शिक्का मारला. कोणत्या तारखेला निघायचंय ते विचारलं. बारा दिवसांनी, रविवारी, म्हणाला. मी म्हटलं, मग दोन दिवस हातात आहेत, निर्धास्त जा.

तो गेल्यावर मी रजिस्टर उघडलं. व्हायल उघडल्याची वेळ या रकान्यात साडेदहा लिहिलं. साडेदहा अधिक सहा, साडेचार. बसलं बरोबर. वाया गेलेले डोस या रकान्यात शून्य.

बुधवारी मी कामावर गेले आणि दिवसभर हिशेब करत राहिले. त्याला गुरुवारपर्यंत ताजी लस टोचली तर दहा दिवस रविवारी पुरे होतात, जायला अडचण नाही. म्हणजे माझ्याकडेही दोन दिवस होते. मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगू. मग असंही सांगितलं की सहा तासांचा नियम कागदावरचा असतो, एका तासाने काय मोठं बिघडतं. लस धरलीही असेल. असेलच. माझं हे बोलणं मला सकाळच्या त्या कडं घातलेल्या माणसासारखं ऐकू आलं, आणि तरी मी ते मनात बोलत राहिले. त्या माणसाला निदान सुईची भीती तरी होती. मला कशाची होती? चार बाकांवरच्या अनोळखी माणसांची, जी पुन्हा कधी तिथे येणारही नव्हती.

गुरुवारी दुपारी केंद्राचा फोन वाजला. तोच होता. फार संकोचून बोलत होता, सिस्टर तुमचा वेळ घेतो म्हणाला. त्याच्या टोळीतल्या दोघांना दुसऱ्या केंद्रात लस दिली होती, त्यांना बारीक ताप आला, अंग दुखलं. याला काहीच झालं नाही. तर लस नीट लागली ना, एवढंच त्याला विचारायचं होतं.

ताप न येणं यात काही वावगं नाही, बहुतेकांना येत नाही. मी तसं सांगितलं आणि ते खरं होतं. पण त्याने ते विचारलं नव्हतं. लस लागली ना, हे विचारलं होतं. समोर कॅलेंडर होतं. गुरुवार. तीन वाजून वीस मिनिटं. मोठ्या मॅडम बाजूच्याच खोलीत होत्या, त्यांचा पंखा ऐकू येत होता.

"काळजी करू नका," मी म्हटलं. "झोपा निवांत."

तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत, आता मन शांत झालं.

असं एखाद्याने म्हटल्यावर माणसाने फोन ठेवू नये. मी ठेवला.

शुक्रवारी सकाळी मोठ्या मॅडम महिन्याचं रजिस्टर बघायला बसल्या. त्या बारीक बघतात, रकान्यावर पट्टी ठेवून. माझ्या पानावर पोचल्या तेव्हा मी पाठ करून फ्रिजचं तापमान लिहीत होते. त्यांनी हाक मारली. वळले तर त्या हसत होत्या. महिनाभरात एकही डोस वाया नाही, म्हणाल्या, बाकीच्या केंद्रांत दर व्हायलला दोनतीन फेकतात. पुढच्या महिन्यात दोन नव्या मुली येणार आहेत, त्यांना तुमच्या हाताखाली ठेवते. हे रजिस्टरच दाखवा त्यांना, असं काम करायचं म्हणून.

मारलं असतं तर मी सोसलं असतं. रागाला मी राग देते, ते मला येतं. या कौतुकाला काय द्यायचं? दारात मावशी पोछा घेऊन थांबल्या होत्या, त्याही कौतुकाने बघत होत्या. मला शिसारी आली. स्वतःचीच.

मी सांगितलं. पण काय सांगितलं तेही ऐका. मी म्हटलं, मॅडम, मंगळवारची वेळ लिहिताना माझी चूक झाली, व्हायल नऊला उघडली होती, शेवटचा डोस चार वाजून गेल्यावर दिला गेला, आत्ता पान बघताना लक्षात आलं. आत्ता. तोंड उघडलं ते अर्ध्या खऱ्यासाठी, आणि उरलेल्या अर्ध्यात पुन्हा स्वतःला लपवलं.

मॅडमची पट्टी तिथेच थांबली. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडल्या नाहीत. त्याला बोलावून घ्या, एवढंच म्हणाल्या. मग बोटांवर दिवस मोजले आणि बोट एका ठिकाणी अडलं, तसा त्यांचा चेहरा बदलला. आज टोचलं तर कार्ड सोमवारी लागू होणार. विमान रविवारचं.

तो दुपारी आला. या वेळी बायको बरोबर होती. घरी शिवणकाम करते, गळ्यात मोजपट्टी तशीच राहिलेली, घाईत निघाली असणार. मॅडमनी त्यांना खुर्च्या दिल्या आणि सगळं नीट सांगितलं. लसीची ताकद गेलेली असू शकते, नसेलही, पण खात्री देता येत नाही. खात्री नसताना कार्ड राहू देणं म्हणजे तुम्हाला रोगाच्या तोंडी देणं. जुनं कार्ड रद्द होईल, आज नवी लस, नवं कार्ड, ते सोमवारपासून.

त्याने पहिल्यांदा एवढंच विचारलं की जुनंच कार्ड राहिलं तर चालणार नाही का. एका दिवसाचा तर प्रश्न आहे. मॅडम म्हणाल्या, नाही. मग तो कॉरिडॉरमध्ये फोन करायला गेला. दार उघडं होतं. कंपनीचा माणूस पलीकडून काय बोलला ते आम्हाला ऐकू आलं नाही, पण हा नुसता हो साहेब, नाही साहेब, एकच दिवस साहेब, असं म्हणत होता. परत आला तेव्हा फोन खिशात घालायला त्याला खिसा सापडेना. बावीस तिकिटं एकत्र आहेत, म्हणाला. यादीतला पुढचा माणूस तयार बसलाय. माझ्या जागी त्याचं नाव घेतलं. माझं नंतर बघू म्हणाले.

नंतर म्हणजे कधी ते कुणी विचारलं नाही. दोन वर्षांचं काम होतं ते.

त्याने माझ्याकडे बघितलं आणि मला वाटलं, आता बोलेल. मी वाट बघत होते. तो म्हणाला, "असू द्या सिस्टर. तुम्ही लक्षात आल्याबरोबर सांगितलंत. नाहीतर कोण सांगतं आजकाल."

मी मान खाली घातली. लोकांना ते नम्रपणासारखं दिसलं असेल.

बायकोला नाही दिसलं. ती आल्यापासून माझ्या तोंडाकडे बघत होती, मापं घेणारी बाई बघते तशी. तिने नवऱ्याला गप्प केलं नाही, त्याच्याकडे वळलीसुद्धा नाही. मलाच विचारलं.

"काल ह्यांनी फोन केला होता तुम्हाला. माझ्यासमोर केला. तुम्हाला कधी कळलं हे?"

मॅडमनी मान वर केली. फोनचं त्यांना माहीत नव्हतं.

आज सकाळी, असं म्हणणं किती सोपं होतं. मॅडमना तेच सांगून झालं होतं, रजिस्टरवरून कळलं हेही सगळ्यांना पटलं होतं. शब्द तयार होता, जिभेवर होता. तो माणूस तर मान हलवायलाही तयार होता, त्याला माझा अपमान बघायचा नव्हता. मी खुर्चीच्या पाठीला धरलं.

"मंगळवारीच," मी म्हटलं. "टोचताना माहीत होतं."

मग मी उरलेलं सांगितलं, कारण आता थांबायचं कुठे तेच कळत नव्हतं. झेरॉक्स पहिल्यापासून माझ्याकडे होती. दुसऱ्याच्या फॉर्मला मीच पिन मारली होती. तुम्हाला परत पाठवायची गरजच नव्हती. एक वाजता सापडली, तेव्हाही फोन केला नाही. काल फोनवर सांगितलं असतं तर रविवार गाठता आला असता, तेही मला माहीत होतं. मी कॅलेंडर बघत होते बोलताना.

मॅडम म्हणाल्या, "बास." माझ्यासाठी नव्हतं ते. त्या माणसाचा चेहरा बघून म्हणाल्या.

तो हळूहळू समजत गेला. आधी त्याला झेरॉक्स समजली. तो दोन बस बदलून घरी गेला होता ते समजलं. ते समजल्यावर त्याने मला विचारलं, अगदी साध्या आवाजात, खरंच जाणून घ्यायचं असल्यासारखं, की मला एवढं तरी सांगा, माझी काय चूक झाली होती. त्याची काही चूक नव्हती. तो दहाव्या नंबरवर होता, एवढंच. आणि गरीब दिसत होता. कड्यावाल्याच्या जागी कुणी साहेब असता तर मी भाषण केलं असतं का? वेल्डरच्या जागी कुणी साहेब असता तर गठ्ठा नीट चाळला नसता का? हे मी तेव्हा बोलले नाही. इथे लिहितेय.

बायको म्हणाली, "घरी येऊन हे मला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, सिस्टर कडक आहेत, पण माणूस चांगला आहे. माझ्यासाठी डोस राखून ठेवला." मग ती नवऱ्याला म्हणाली, चला, दुसरीकडे कुठे टोचून घेऊ. तो उठला नाही. म्हणाला, आता आलोय तर घेऊन जाऊ, नंतर कधी बोलावणं आलं तर कार्ड तरी हातात असेल.

मॅडमनी त्याच्या एकट्यासाठी नवी व्हायल काढायला सांगितली. नऊ डोस फेकले जाणार होते, त्याबद्दल त्या एक शब्द बोलल्या नाहीत. मी फ्रिजकडे गेले, व्हायल आणली, पाणी ओढून घेतलं. सवयीने. पाण्याची सुई आणि अजून न उघडलेली व्हायल हातात घेऊन मी त्याच्या खुर्चीपाशी आले. त्याने बाही वर सरकवली होती. मला जवळ आलेलं बघून त्याने ती खाली ओढली.

ओढताना तो ओशाळला. तो. माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाला, "मॅडम, तुम्हाला जमेल का? रागावू नका सिस्टर."

मॅडमनी माझ्या हातून सुई घेतली. ती बाजूला ठेवून दिली आणि दुसरी सुई नव्याने भरली. पाणी सोडण्यापासून सगळं त्यांनी त्या दोघांसमोर केलं, व्हायल उजेडात धरून, वेळ मोठ्याने सांगून. बायको उभी राहून बघत होती. दोनदा तिने भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

मला बाहेर जायला कुणी सांगितलं नाही, म्हणून मी तिथेच उभी राहिले. टोचून झाल्यावर मॅडमनी हात मागे केला, कापसासाठी. मी कापूस दिला. तो त्यांनी दंडावर ठेवला आणि वेल्डरने स्वतःच्या बोटाने दाबून धरला. मग मॅडम पाणी उकळून पिण्याचं, बाह्यांचं, मच्छरदाणीचं सांगायला लागल्या. सवय असते, नंतर जाणार असला तरी सांगतात. तो म्हणाला, ते सिस्टरनी सांगितलंय, सगळं लक्षात आहे.